माजिद नवाझ : कट्टरतेतून बाहेर, पण कुठपर्यंत?

हिज्ब उत तहरीर या आंतरराष्ट्रीय संघटनेला भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२४ रोजी दहशतवादी संघटना ठरवून तिच्यावर बंदी घातली. त्याच वर्षी जानेवारीत ब्रिटननेही तसाच निर्णय घेतला होता. या बंदीच्या निमित्ताने ज्या नावाची पुन्हा आठवण होणे स्वाभाविक होते, ते नाव म्हणजे माजिद नवाझ. वयाच्या सोळाव्या वर्षी या संघटनेत दाखल झालेला, तिच्यासाठी तीन देशांत प्रचार केलेला, त्यापायी इजिप्तच्या तुरुंगात गेलेला हा तरुण पुढे तिचा सर्वांत परिचित विरोधक ठरला. त्याने धार्मिक अतिरेकाविरुद्ध संस्था उभारली, निवडणूक लढविली, रेडिओवरून लाखो श्रोत्यांशी संवाद साधला. मात्र त्याचा प्रवास तेथेच थांबला नाही. कट्टरतेतून बाहेर पडलेल्या माणसाचे पुढे काय होते, या प्रश्नाचे जे उत्तर त्याच्या आयुष्यात मिळते, ते वाटते तितके सरळ नाही.

खिलाफतीचे राजकारण

हिज्ब उत तहरीर या नावाचा अर्थ 'मुक्ती पक्ष'. तकीउद्दीन अल नभानी या पॅलेस्टिनी विद्वानाने १९५३ मध्ये जेरुसलेममध्ये तिची स्थापना केली. सर्व मुस्लिम देशांच्या सीमा पुसून एकच खिलाफत आणणे, हे तिचे ध्येय. आपण हिंसा करीत नाही, असे संघटना सतत सांगत आली. प्रत्यक्षात लष्करातील अधिकाऱ्यांना आपल्या बाजूला वळवून सत्तांतर घडवून आणणे हा तिच्या कार्यपद्धतीचा भाग होता. त्यामुळेच अनेक अरब देशांत ती फार पूर्वीपासून बेकायदा आहे. इजिप्तमध्ये १९७४ च्या लष्करी अकादमीवरील हल्ल्यानंतर तिच्यावर बंदी आली. जर्मनीने २००३ मध्ये तिच्या कारवायांना मज्जाव केला. ब्रिटनमध्ये मात्र २०२४ पर्यंत ती उघडपणे सभा आणि निदर्शने करू शकत होती. लंडनमधील महाविद्यालये हे १९९० च्या दशकात तिचे भरतीचे प्रमुख क्षेत्र होते.

साउथएंडमधील बालपण

नवाझ यांचा जन्म २ नोव्हेंबर १९७७ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील साउथएंड या समुद्रकाठच्या शहरात झाला. कुटुंब मूळचे पाकिस्तानी, सुस्थितीतील आणि धर्माच्या बाबतीत फारसे कर्मठ नसलेले. किशोरवयात माजिद यांना हिपहॉप संगीताचे आणि भिंतींवर चित्रे रंगविण्याचे वेड होते. नमाज-रोजापेक्षा मित्रमंडळीत त्यांचा अधिक वेळ जाई.

मात्र त्या काळात त्या भागात गोऱ्या वर्णद्वेषी टोळक्यांचा सुळसुळाट होता. आशियाई मुलांना गाठून मारहाण करणे, त्यांच्यावर चाकूने वार करणे असे प्रकार घडत. माजिद यांच्याबरोबर असणाऱ्या गोऱ्या मित्रांनाही या टोळ्यांनी सोडले नाही. पंधराव्या वर्षी प्लास्टिकच्या छऱ्यांच्या खेळण्यातील बंदुकीवरून पोलिसांनी त्यांना शस्त्रे रोखून अडविले आणि कोठडीत नेले. पोलिस आपले नाहीत आणि हा देशही आपला नाही, ही भावना त्यांच्या मनात तेव्हापासून घर करू लागली. त्याच सुमारास बोस्नियात मुसलमानांच्या कत्तली सुरू होत्या आणि त्यांची चित्रणे ब्रिटनमध्ये तरुणांना दाखविली जात होती.

त्यांच्या थोरल्या भावाचा संघटनेशी आधी संबंध आला. नवाझ यांनी आपल्या आत्मचरित्रात एक प्रसंग सांगितला आहे. एकदा अंगावर चालून आलेल्या टोळीला भावाने आपण मुसलमान असून पाठीवरच्या पिशवीत बॉम्ब असल्याची थाप मारली आणि ती टोळी मागे सरली. आतापर्यंत ज्या ओळखीमुळे मार खावा लागत होता, तीच ओळख समोरच्याला घाबरवू शकते, हे त्या दिवशी माजिद यांना समजले. ते संघटनेकडे वळले ते आधी धर्मग्रंथ वाचून नव्हे. अपमानावरचा उतारा म्हणून ते वळले, ग्रंथांचा आधार नंतर मिळाला. धार्मिक अतिरेकाचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांच्या कहाणीतील हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

महाविद्यालयातील खून

संघटनेने त्यांना पूर्व लंडनमधील न्यूहॅम महाविद्यालयात पाठविले. तेथे ते विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. महाविद्यालयातील वातावरण धार्मिक गटबाजीने तापत गेले आणि १९९५ मध्ये आयोतुंदे ओबानुबी या नायजेरियन विद्यार्थ्याचा महाविद्यालयाबाहेर भोसकून खून झाला. नवाझ त्या वेळी तेथे हजर होते. खुनात त्यांचा हात नव्हता, पण तणाव वाढविण्यात आपला वाटा होता, हे त्यांनी पुढे मान्य केले. या घटनेनंतर त्यांना महाविद्यालयातून काढून टाकण्यात आले. तरीही ते संघटनेपासून दूर गेले नाहीत, उलट तिच्यात अधिकच गुंतत गेले.

त्यानंतर त्यांनी लंडन विद्यापीठाच्या 'सोआस' या संस्थेत कायदा आणि अरबी भाषेच्या अभ्यासासाठी प्रवेश घेतला. भारत आणि पाकिस्तान यांनी १९९८ मध्ये अणुचाचण्या केल्या. पाकिस्तान अण्वस्त्रधारी झाल्यामुळे संघटनेच्या दृष्टीने त्या देशाचे महत्त्व एकदम वाढले. १९९९ मध्ये नवाझ पाकिस्तानात गेले आणि तेथील शाखा उभी करण्याच्या कामात सहभागी झाले. नंतर डेन्मार्कमधील कोपनहेगन येथेही त्यांनी संघटनेचा प्रसार केला.

इजिप्तचा तुरुंग

अरबी भाषेच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ते पत्नी आणि तान्ह्या मुलासह सप्टेंबर २००१ मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे पोहोचले. त्याच महिन्यात अमेरिकेवर ११ सप्टेंबरचा हल्ला झाला आणि जगभरातील सरकारांची नजर बदलली. एप्रिल २००२ मध्ये इजिप्तच्या सुरक्षा यंत्रणेने त्यांना आणि काही ब्रिटिश सहकाऱ्यांना अटक केली. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना कैरोला नेण्यात आले. शेजारच्या कैद्यांना विजेचे झटके दिले जात असताना त्यांचा आक्रोश ऐकत आपण आपल्या क्रमांकाची वाट पाहत होतो, असे त्यांनी लिहिले आहे. बंदी असलेल्या संघटनेचा प्रचार केल्याबद्दल मार्च २००४ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली.

कैरोजवळच्या मझरा तोरा तुरुंगात त्यांची निरनिराळ्या विचारांच्या कैद्यांशी गाठ पडली. राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांच्या १९८१ मधील हत्येच्या प्रकरणात शिक्षा भोगणारे जुने जिहादी तेथे होते. त्यांच्यापैकी काहींनी दीर्घ कारावासात हिंसेचा मार्ग चुकीचा असल्याचा निष्कर्ष काढला होता. समाजशास्त्रज्ञ सादएद्दीन इब्राहिम आणि उदारमतवादी नेते अयमन नूर यांच्यासारखे लोकशाहीवादीही त्याच तुरुंगात होते. नवाझ यांनी या काळात इस्लामी धर्मशास्त्राचा मूळ अरबीतून अभ्यास केला. आपल्या संघटनेने जो अर्थ एकमेव म्हणून शिकविला, तो अनेकांपैकी एक आहे, हे त्यांच्या ध्यानात येऊ लागले. जॉर्ज ऑर्वेल यांची 'अॅनिमल फार्म' ही कादंबरीही त्यांनी तुरुंगात वाचली. क्रांती करणारेच पुढे जुलमी सत्ताधीश होतात, हे त्यातील चित्र त्यांना आपल्या स्वप्नातील खिलाफतीला लागू पडताना दिसले.

परंतु त्यांच्या मते खरा पालट घडला तो वेगळ्या कारणाने. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यांना 'सद्सद्विवेकाचा कैदी' म्हणून मान्यता दिली आणि त्यांच्या सुटकेची मागणी केली. ज्या मानवी हक्कांच्या कल्पनेला आपण पाश्चात्त्यांचे ढोंग म्हणत आलो, तिच्याच आधारे अनोळखी माणसे आपल्यासाठी पत्रे लिहीत आहेत, ही गोष्ट त्यांना अस्वस्थ करून गेली. त्यांचे विचार अॅम्नेस्टीला मान्य नव्हते. तरीही विचारांसाठी कुणाला कोंडू नये, हे तत्त्व संस्थेने सोडले नाही. मार्च २००६ मध्ये सुटका होऊन ते ब्रिटनला परतले.

राजीनामा आणि 'क्विलियम'

परतल्यावर त्यांचे वीरासारखे स्वागत झाले. ब्रिटनमधील शाखेच्या नेतृत्वमंडळात त्यांना स्थान मिळाले. मनातील शंका आणि व्यासपीठावरील भाषणे यांतील अंतर मात्र वाढत गेले. अखेर २००७ मध्ये त्यांनी संघटना सोडली. ज्या वर्तुळात तारुण्य गेले, तेथील मित्र दुरावले आणि विवाहही मोडला. सप्टेंबर २००७ मध्ये बीबीसीच्या 'न्यूजनाइट' कार्यक्रमात त्यांनी आपली भूमिका जाहीरपणे मांडली.

त्याच वर्षी एड हुसेन या दुसऱ्या माजी कार्यकर्त्याचे 'द इस्लामिस्ट' हे पुस्तक ब्रिटनमध्ये गाजले होते. दोघांनी मिळून २००८ मध्ये 'क्विलियम फाउंडेशन' ही संस्था स्थापन केली. एकोणिसाव्या शतकात इस्लाम स्वीकारून लिव्हरपूलमध्ये मशीद सुरू करणारे इंग्रज वकील अब्दुल्ला क्विलियम यांचे नाव संस्थेला देण्यात आले. मुसलमान असणे आणि ब्रिटिश असणे यांत विरोध नाही, हे त्या नावातून सुचविले जात होते.

संस्थेचा मुख्य मुद्दा साधा होता. इस्लाम हा धर्म आहे, त्याची एक राजकीय आवृत्ती राज्यसत्तेवर लादू पाहणे हा 'इस्लामवाद' आहे आणि या दोहोंत भेद केला पाहिजे. केवळ बॉम्ब ठेवणाऱ्यांना पकडून प्रश्न सुटत नाही. बॉम्बपर्यंत नेणारा विचार विचारानेच खोडावा लागतो, अशी त्यांची मांडणी होती. मुस्लिमविरोधी गोरा राष्ट्रवाद आणि इस्लामवाद हे एकमेकांना खाद्य पुरवितात, असेही ते सांगत. वर्णद्वेषाचा मार खाल्लेल्या आणि पुढे दुसऱ्यांविरुद्ध द्वेष पेरलेल्या माणसाने हे सांगण्याला वजन होते. पाकिस्तानात तरुणांमध्ये लोकशाही मूल्ये रुजविण्यासाठी 'खुदी' ही चळवळ सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. 'रॅडिकल' हे त्यांचे आत्मचरित्र २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकी निरीश्वरवादी लेखक सॅम हॅरिस यांच्याबरोबरचा त्यांचा संवाद २०१५ मध्ये पुस्तकरूपाने आला.

विश्वासार्हतेचा प्रश्न

या कामावर सुरुवातीपासून टीकाही झाली आणि तिच्यातील काही भाग दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. 'क्विलियम'ला प्रारंभीच्या वर्षांत ब्रिटिश सरकारकडून मोठे अर्थसाह्य मिळत होते. सरकारी पैशांवर चालणारी संस्था मुसलमानांच्या वतीने बोलू शकते का, असा प्रश्न विचारला गेला. संस्थेने गृहखात्यासाठी तयार केलेले एक टिपण २०१० मध्ये बाहेर फुटले. हिंसेला विरोध करणाऱ्या काही मुस्लिम संस्थांची विचारसरणीही अतिरेक्यांशी मिळतीजुळती असल्याचे त्यात म्हटले होते. परिणामी सर्वसामान्य मुस्लिम वस्त्यांमध्ये संस्थेविषयी संशय वाढला. ज्यांच्यापर्यंत पोहोचायचे, त्यांचाच विश्वास गमावण्याची ही अडचण शेवटपर्यंत सुटली नाही.

ऑक्टोबर २०१३ मध्ये 'इंग्लिश डिफेन्स लीग' या मुस्लिमविरोधी संघटनेचे नेते टॉमी रॉबिन्सन यांनी 'क्विलियम'च्या मदतीने संघटना सोडत असल्याची घोषणा केली. नवाझ यांच्या पद्धतीचा हा मोठा विजय म्हणून गाजला. मात्र रॉबिन्सन काही काळातच पुन्हा त्याच राजकारणाकडे वळले. संघटना सोडणे आणि विचार सोडणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा त्यातील धडा होता.

जानेवारी २०१४ मध्ये नवाझ यांनी येशू आणि महंमद यांच्यावरील एक व्यंगचित्र आपल्याला आक्षेपार्ह वाटत नसल्याचे समाजमाध्यमावर लिहिले. त्यावरून त्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. लिबरल डेमोक्रॅट पक्षाने त्यांची उमेदवारी रद्द करावी, यासाठी हजारो सह्यांचा अर्ज फिरला. पक्षाने उमेदवारी कायम ठेवली, परंतु मे २०१५ च्या निवडणुकीत लंडनच्या हॅम्पस्टेड अँड किलबर्न मतदारसंघात ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

दुसऱ्या बाजूनेही आघात झाला. अमेरिकेतील 'सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर' या नागरी हक्क संस्थेने २०१६ मध्ये त्यांचा समावेश 'मुस्लिमविरोधी अतिरेकी' लोकांच्या यादीत केला. स्वतः मुसलमान असलेल्या आणि मुस्लिम सुधारणेचा आग्रह धरणाऱ्या व्यक्तीवर असा शिक्का मारला गेल्याने वाद उसळला. नवाझ यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिल्यानंतर जून २०१८ मध्ये संस्थेने जाहीर माफी मागितली आणि ३३ लाख ७५ हजार डॉलर देऊन तडजोड केली. घाईने लावलेले शिक्के किती महागात पडू शकतात, याचे उदाहरण म्हणून या प्रकरणाचा आजही उल्लेख होतो.

रेडिओचा काळ

२०१६ पासून लंडनच्या 'एलबीसी' या चर्चाप्रधान रेडिओ केंद्रावर नवाझ यांचा शनिवार-रविवारी कार्यक्रम होऊ लागला. श्रोत्यांनी दूरध्वनी करावा आणि सूत्रसंचालकाने त्यांच्याशी थेट वाद घालावा, असे त्याचे स्वरूप. संघटनेत असताना माणसे वळविण्याचे जे कौशल्य त्यांनी कमावले होते, ते येथे उपयोगी पडले. फेब्रुवारी २०१९ मध्ये लंडनच्या सोहो भागात एका नाट्यगृहाबाहेर त्यांच्यावर हल्ला होऊन ते जखमी झाले. जुलै २०२० मध्ये चीनमधील उइघुर मुसलमानांच्या छळाची ब्रिटिश संसदेने दखल घ्यावी, यासाठी त्यांनी उपोषण केले. संसदेकडील अर्जावर एक लाख सह्या झाल्यानंतरच त्यांनी ते सोडले.

मात्र त्यानंतर त्यांच्या बोलण्याचा सूर बदलत गेला. नोव्हेंबर २०२० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मोठा गैरव्यवहार झाल्याचे दावे त्यांनी उचलून धरले. त्यांना पुरावा नव्हता आणि न्यायालयांत ते टिकले नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाकाळातील आर्थिक अडचणींमुळे 'क्विलियम' बंद झाली. टाळेबंदी आणि लससक्ती यांच्यामागे जागतिक सत्तेचे कारस्थान असल्याचे ते वारंवार सुचवू लागले. जानेवारी २०२२ मध्ये 'एलबीसी'ने त्यांचा कार्यक्रम थांबविला. पुढे ते स्वतःच्या माध्यमांतून श्रोत्यांशी बोलत राहिले.

कालपर्यंत कारस्थानांच्या कथांपासून तरुणांना सावध करणारा माणूस स्वतःच तशा कथा सांगू लागला, असे त्यांचे जुने सहकारी आणि चाहते खेदाने म्हणू लागले. सत्ताधाऱ्यांवर संशय घेणे हा आपला कायमचा स्वभाव आहे, इजिप्तच्या कोठडीत तोच आपल्या कामी आला, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. पण संशय आणि कारस्थानकथा यांच्यात पुराव्याची एक रेषा असते. एकेकाळी ती रेषा दाखवून देणे हेच त्यांचे काम होते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

ही कहाणी महाराष्ट्रातील वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. पुण्याने १३ फेब्रुवारी २०१० रोजी जर्मन बेकरीचा स्फोट पाहिला, त्यात १७ जणांचे प्राण गेले. याच शहरात २० ऑगस्ट २०१३ रोजी अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना गोळ्या घालण्यात आल्या. अतिरेक ही कोणत्याही एका धर्माची मक्तेदारी नाही. २०१४ मध्ये कल्याणमधील चार तरुण घरच्यांना न सांगता 'इसिस'च्या प्रदेशात गेले. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यातील एक १६ वर्षांची मुलगी इंटरनेटवरून त्याच संघटनेच्या प्रभावाखाली आल्याचे उघड झाले. तेव्हा दहशतवादविरोधी पथकाने तिच्यावर खटला भरण्याऐवजी कुटुंब आणि धर्मगुरू यांच्या मदतीने तिचे समुपदेशन करण्याचा मार्ग निवडला. कोवळ्या वयाच्या मुलाला गुन्हेगार ठरविण्यापूर्वी त्याच्याशी बोलले पाहिजे, हा त्यामागील विचार नवाझ यांच्या अनुभवाशी जुळणारा आहे.

मराठी समाजाला धर्मांतर्गत सुधारणेची परंपराही आहे. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकविरोधात सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. दलवाई कधीही कट्टरपंथी नव्हते. नवाझ यांना व्यासपीठ मिळाले ते पूर्वायुष्यामुळे, दलवाई यांना मात्र ते विचारांच्या आणि लेखनाच्या बळावर मिळवावे लागले. दलवाई यांचे ३ मे १९७७ रोजी निधन झाले, त्याच वर्षी नवाझ जन्मले. दोघांनाही आपल्याच समाजातून 'फितुरी'चा आरोप ऐकावा लागला. मात्र दलवाई यांनी उभी केलेली संस्था त्यांच्या पश्चात स्थानिक कार्यकर्त्यांनी चालू ठेवली. 'क्विलियम'ला असा पाया लाभला नाही आणि निधी आटताच ती बंद पडली.

माजिद नवाझ यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध आशा देतो. अपमानाने जवळ केलेली कट्टरता सन्मानाच्या वागणुकीने, वाचनाने आणि भिन्न विचारांच्या माणसांच्या सहवासाने सुटू शकते, असे तो सांगतो. उत्तरार्ध मात्र सावध करतो. कट्टर संघटनेतून बाहेर पडल्याने माणसाची विवेकबुद्धी कायमची सुरक्षित होत नाही. आपल्याला पटलेल्या गोष्टीचाही पुरावा मागण्याची सवय त्याला रोज जपावी लागते. माजी कट्टरपंथीयांना व्यासपीठ देणाऱ्या सरकारांनी, माध्यमांनी आणि संस्थांनीही त्यांच्या भूतकाळाइतकीच ही सवय तपासून पाहण्याची गरज आहे.